हर्षलाची हजेरी

दुपारचं जेवण अंगावर आलंय आणि घोरपडे सर अर्थशास्त्र शिकवतायत, म्हणजे झोपेला वेगळं बोलावणं धाडायची गरजच नाही. उत्कर्षा गादीवर आडवी झाली आहे. कॅमेरा बंद, माईक बंद, पोटावर चिवड्याची बशी. लॉकडाऊन लागल्यापासून बाईसाहेबांचं कॉलेज या गादीवरच भरतं. आंघोळीचा पत्ता नाही, केसांच्या नुसत्या झिंज्या झाल्यात, आणि आईनं विचारलं की लेक्चर चालू आहे म्हणून सांगायचं. कानातला सरांचा आवाज लांब जात जात नुसता पंख्याचा आवाज होतो.

"सरक तिकडे," कोणीतरी म्हणतं.

हर्षला आहे. ती पावसाळ्यातच गेली हे उत्कर्षाला पक्कं ठाऊक आहे, पण झोपेत ते मध्ये येत नाही. ती सरकते तशी खाट करकरते, कोल्हापूरच्या हॉस्टेलवरची करकरायची तशीच. हर्षला कंगवा घेऊन तिच्या मागे बसते.

"काय अवतार केलायस गं. माणसात आहेस का?"

उत्कर्षाला हसू येतं. हॉस्टेल बंद झालं तेव्हा दोघींनी एकमेकींचे पासवर्ड घेतले होते. एकीनं दोघींची हजेरी लावायची, दुसरीनं ताणून द्यायची. कॉलेजकडून रोज संध्याकाळी पालकांना मेसेज जायचा, आपली पाल्य आज हजर होती म्हणून. पालक खूश, सर खूश, आणि या दोघी तर काय, जग जिंकल्यासारख्या. मग एक दिवस हर्षलाचा निरोप आला, अंगात कणकण आहे, आजची लाव. उत्कर्षानं अंगठा पाठवला. दुसऱ्या दिवशी निरोप आला नाही, तरी हजेरी लावली. तिसऱ्या दिवशीही लावली. मैत्रिणीसाठी एवढं करतो आपण, म्हणून स्वतःवर जरा खूशही होती. ताप कसा आहे, हे काही विचारलं नाही.

ती मान वर करते तर समोर हॉस्टेलची मेस आहे. प्रत्येक खुर्चीवर एकेक नाव चिकटवलंय आणि बसलेलं कोणी नाही. सर वाढप्यांच्या जागी उभे राहून नावं वाचतायत. हर्षलाचं नाव येतं आणि उत्कर्षाच्या तोंडून आपोआप "हजर" निघतं.

"अजून लावतेस?" मागून हर्षला विचारते. आवाजात राग नाही, आणि त्यानंच उत्कर्षाला जास्त लाज वाटते.

मेसच्या टोकाला हर्षलाच्या गारगोटीच्या घरातला ओटा आहे. तिथे तिची आई नर्सच्या कपड्यांत उभी आहे, हातात मोबाईल. त्या महिन्यात काकूंची ड्युटी कोविड वॉर्डात होती, राहणंही तिकडेच. घरात हर्षला एकटी. लेक फोन उचलेना, पण हजेरीचा मेसेज रोज येई. लेक्चरला बसते आणि माझा फोन घेत नाही, म्हणजे एकटं ठेवलं म्हणून रुसली आहे, असं त्यांनी धरलं. माझी पोर माझ्यावर रुसूनच गेली, हे त्या अजूनही भेटेल त्याला सांगतात. उत्कर्षालाही फोनवर सांगितलं होतं. तेव्हा ती नुसती हं हं करत राहिली.

"मी रुसले नव्हते," हर्षला म्हणते. "फोन चार्जिंगला होता. तिथवर उठून जायला होईना."

"मला माहीत नव्हतं गं."

"तू विचारलंच नाहीस."

कंगवा गुंत्यात अडकतो, हर्षला हळूहळू सोडवते.

"माझं राहू दे. आईला सांग."

"त्या माझं तोंड बघणार नाहीत पुन्हा."

"नाहीत बघणार. मान सरळ धर," हर्षला म्हणते आणि पेड घट्ट ओढते.

उत्कर्षा जागी होते. लेक्चर संपलंय, चिवडा गादीभर सांडलाय. आई-बाबा दुकानात, घरात चिटपाखरू नाही. कानशिलं ताणल्यासारखी दुखतायत म्हणून ती हात लावते. केस विंचरलेले आहेत. पाठीवर चार पेडांची वेणी आहे, शेवटपर्यंत घट्ट. चार पेडांची वेणी तिला स्वतःला कधीच जमलेली नाही.

ती बराच वेळ वेणी हातात धरून बसते. खूप भीती वाटते, पण ही भीती हर्षलाची नाही. मग ती फोन लावते.

"बोल गं," काकू म्हणतात.

"काकू, हर्षला तुमच्यावर रुसली नव्हती. ती लेक्चरला बसतच नव्हती. तिची हजेरी मी लावत होते."

पलीकडे कुठलीतरी ट्रॉली सरकल्याचा आवाज येतो, तो लांब जातो.

"म्हणजे माझा फोन तिनं मुद्दाम टाळला नाही?"

"नाही, काकू. तिला उठवत नव्हतं."

काकू रडतात. बरेच दिवस अडलेलं काही सुटावं तशा रडतात. मग थांबतात, आणि जे उत्कर्षानं इतके महिने स्वतःलाही बोलू दिलं नव्हतं, ते अगदी हळू आवाजात म्हणतात.

"तो मेसेज आला नसता, तर मी घरी गेले असते गं."

"हो, काकू," उत्कर्षा म्हणते. ती फोन ठेवत नाही. काकूही ठेवत नाहीत.