स्वयंपाकघरातल्या डब्बीचं नाव

आनंदरावभाऊंना हळू बोलणं जमतच नाही. त्यांनी घरात कुणाला 'जेवला का' असं विचारलं तर समोरच्या घरात बसून मी 'हो' म्हणू शकतो. तरुणपणी मंडईच्या जत्रेत, रात्रभराच्या दंडारीच्या नाटकात ते राजाचं काम करायचे, तेव्हा माईक बंद पडला तरी मागच्या रांगेला पत्ता लागत नसे. धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधावर उभं राहून हाक मारली की तिसऱ्या बांधीतल्या बाया मान वर करत. हाक मारायची तीही नावानिशी. आंधळगावातल्या अर्ध्या लोकांची नावं त्यांना बापाच्या नावासकट पाठ आहेत, आणि विकून टाकलेल्या बैलांचीही.

फक्त बायकोचं नाव त्या घरातून कधी ऐकू आलं नाही. लग्न झालं तेव्हा 'अवं' होतं, मुलगा झाल्यावर 'कमलेशची माय' झालं. तिचं नाव शकुन आहे हे मला तिच्या भावामुळे कळलं. सिहोऱ्याचा घनश्याम दर भाऊबीजेला येतो आणि फाटकातूनच ओरडतो, "शकुन! ये शकुन!" मग ही साठीची बाई पोरीसारखी धावत बाहेर येते. वर्षातून एवढा एकच दिवस.

शकुनबाईही नवऱ्याचं नाव घेत नाही, पण त्यात आमच्याकडे नवल काही नाही. तिच्या वयाच्या बाया ते फक्त उखाण्यात घेतात. सून दीपमाला नवऱ्याला सरळ 'कमलेश' म्हणते, त्याचंही शकुनबाईला काही वाटत नाही. ज्याची त्याची रीत, म्हणते.

या दिवाळीला कमलेश नागपूरहून चार स्पीकर घेऊन आला. मुठीत मावतील एवढ्या गोल डब्ब्या, त्यांना वायर फक्त विजेची. गाणी वायफायवरून यायची आणि हुकूम तोंडाने द्यायचा. आधी त्या डब्बीतल्या बाईला तिच्या नावाने हाक मारायची, नाव विलायती, मग काय हवं ते हिंदीत सांगायचं. मराठी तिला धड कळत नव्हती. कमलेश दिवसभर मोबाईल घेऊन वरखाली करत होता. बैठकीत राऊटर, पण वरच्या खोलीत वायफाय पोचेना, म्हणून जिन्यात आणखी एक यंत्र लावलं. मग चारही डब्ब्या एकदम वाजल्या, तर वरचं भजन खालच्या भजनापेक्षा जरा मागे. आनंदरावांनी जिन्यात उभं राहून तपासणी केली. "वरचा बुवा मांगं रायला!" अखेर चौघी एका सुरात लागल्या.

त्यानंतर मोबाईलने विचारलं, प्रत्येक डब्बीला नाव काय द्यायचं? कुठल्या खोलीत गाणं लावायचं ते त्या नावावरून कळणार होतं. कमलेश 'बैठक' टाकायला लागला, तर आनंदरावांनी त्याचा हात धरला.

"मानूस दारावर आपल्या नावाची पाटी लावते. मंग इथं काहून नाही? माह्या खोलीले माहं नाव दे."

कमलेशला गंमत वाटली. त्याने बैठकीच्या डब्बीला 'आनंदराव' नाव दिलं. वरच्या खोलीला 'कमलेश', तिसरीला 'देवघर'. चौथी स्वयंपाकघरात होती.

"हिले मायचं नाव देऊ?" त्याने विचारलं.

"तिची कुठं खोली आहे?" आनंदराव म्हणाले. "किचन लिव्ह."

ते वाईट मनाने म्हणाले नव्हते. खोटंही बोलले नव्हते. बैठक त्यांची, वरची खोली मुला-सुनेची, माजघरात धानाची पोती. शकुनबाई जिथे जागा सापडेल तिथे चटई टाकते. ती तेव्हा तिथेच करंज्यांचं पीठ मळत होती, आणि कमलेशने 'किचन' लिहिलं.

पुढचे दोन दिवस त्या विलायती बाईच्या नावाने घर दणाणून गेलं. सकाळी भजन लाव, दुपारी धानाचा भाव सांग, संध्याकाळी पाऊस येणार का ते सांग. आनंदराव दिवसातून किती वेळा तिचं नाव घेत याला सुमारच नव्हता. रोवणीच्या बायांना मारायचे तशी मोकळी हाक.

पाडव्याला गायगोधन, म्हणजे गाईंची पूजा, आटोपलं आणि बैठकीत फराळाला माणसं जमली. भंडाऱ्याहून भैयाजी आले होते, पितळी भांड्यांचे व्यापारी, आनंदरावांचे जुने मित्र. गावातले आम्ही तिघे-चौघे होतो. आनंदरावांनी भजन लावून दाखवलं, वाढवून दाखवलं, देवघरात पळवून परत बैठकीत आणून दाखवलं. भैयाजी माना डोलवत होते. तेवढ्यात शकुनबाई चिवड्याचं ताट घेऊन आली, आणि भाऊंना आणखी चेव चढला.

"भैयाजी, याले शिक्षन लागत नाही. घरातली अडानी बाई बोलली तरी ऐकते. अवं, बंद कर बरं हे भजन. सांग तिले, 'आनंदराव बंद करो'."

शकुनबाई ताट धरून उभी राहिली.

मला हे लिहिताना आजही राग येतो. ती वाक्यं जरा नीट ऐका. नवऱ्याचं नाव आयुष्यात घेतलं नाही अशी बाई, आणि तिने दिवाळीच्या दिवशी चार माणसांत ते नाव घेऊन पुढे 'बंद करो' म्हणायचं! आनंदरावांच्या हे ध्यानातही आलं नाही. ते तिच्याकडे हसून बघत होते आणि भजन जोरात वाजत होतं.

"तुमीच करा ना," ती म्हणाली.

"अवं, बोल ना! चावते का ते?"

तिने ताट खाली ठेवलं. पदर डोक्यावर नीट घेतला. डब्बीसमोर हात जोडल्यासारखे धरले आणि तिला जी एक वाट माहीत होती त्या वाटेने ती गेली. हळूच, एका दमात म्हणाली:

"धानाच्या बांधीत बगळ्यांचा थवा,
आनंदरावांचं नाव घेते, आवाज बंद व्हावा."

उखाणा तिने तिथल्या तिथे जुळवला होता. नाव घेतलं, आणि 'बंद' हा शब्द नावाला चिकटू दिला नाही. मला विचाराल तर त्या बैठकीत त्या दिवशी बोलली गेलेली सगळ्यात शहाणी गोष्ट ती होती. पण आधी डब्बीला हाक मारायची असते हे ती विसरली. मागून दीपमालाने हाक मारून दिली, तेव्हा तिने उखाणा पुन्हा म्हटला. भजन क्षणभर थांबलं. डब्बीतली बाई गोड आवाजात म्हणाली, "माफ कीजिए, मैं समझ नहीं पाई." आणि भजन पुन्हा सुरू झालं.

भैयाजी पोट धरून हसले, त्यांच्यामागे सगळी बैठक हसली. आनंदरावांचं मात्र तोंड उतरलं. आपली फजिती झाली असं त्यांना वाटलं.

"चाळीस वर्सं झाली, अक्कल नाही आली! अडानी ते अडानीच! जा, चहा ठेव."

शकुनबाईचे कान लाल झाले. ती हसायचा प्रयत्न करत आत गेली. दीपमाला मागोमाग गेली, तर ती चुलीकडे तोंड करून विचारत होती, "माहं काही चुकलं का वं? अपशकुन तं नाही बोलली ना मी?" लोक हसले याचं दुःख तिला नंतर झालं. आधी ती भीती होती.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर कमलेश वडिलांसमोर येऊन बसला. हा मुलगा बापाच्या आवाजासमोर कधी बोललेला नाही, त्या दिवशी बोलला.

"बाबा, मायनं तुमचं नाव सरळ घेतलं नाही म्हनून तुमी चार लोकांत ओरडले. तुमी घेता का तिचं?"

"म्या कायले नाही घेणार? त्यात काय आहे?"

"घ्या मंग."

आनंदरावांनी पानाचा डबा जवळ ओढला. "असं उगंच कोनी नाव घेते का," म्हणाले. डबा उघडला, बंद केला.

शकुनबाई कमलेशचा चहा घेऊन आली होती. तिने दारातून ऐकलं असावं. कप ठेवता ठेवता ती म्हणाली, "जाऊ दे रे बाबू. त्या डब्बीतल्या बाईचं तं घेतात ना नाव." चिडून नाही, टोमणाही नाही, जसं आहे तसं सांगितलं, आणि भांडी घासायला निघून गेली.

कमलेशने मोबाईल काढला. 'किचन' पुसलं आणि तिथे 'शकुन' लिहिलं. "आता मायले काही सांगायचं असलं तं या नावानं डब्बी लावा. तुमचा आवाज तिकडं जाते, तिचा इकडं येते. दुसऱ्या नावानं लागत नाही," एवढं सांगून तो उठला.

पुढचं मला आनंदरावांनीच सांगितलं. नदीवर गेलो होतो, आणि ते इतकं हळू बोलत होते की मला दोनदा 'काय म्हणता' विचारावं लागलं.

भाऊबीजेला कमलेश आणि दीपमाला तिच्या माहेरी भंडाऱ्याला गेले. घरात ही दोघंच. शकुनबाई घनश्यामसाठी पुरणपोळ्यांच्या तयारीत होती. आदल्या दिवशीपासून ती बैठकीत आली नव्हती. म्हणजे येत होती, जेवणाचं ताट ठेवत होती, पाण्याचा तांब्या भरत होती, पण थांबत नव्हती, आणि येताना त्या डब्बीकडे पाठ करून येत होती, जणू तिने काही खराब केलं होतं. ते बघून आनंदरावांना रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. 'काल चुकलं माझं' एवढंच सांगायचं होतं. स्वयंपाकघर बारा पावलांवर. पण तिच्या डोळ्यांसमोर जाऊन बोलायची हिंमत होईना. त्यापेक्षा डब्बी बरी, असं त्यांना वाटलं.

त्यांनी विलायती बाईला हाक मारली आणि म्हणाले, "किचन को लगाओ."

या नावाचं काही सापडत नाही, ती म्हणाली.

"रसोई को लगाओ." नाही. मग त्यांनी, लाज वाटली तरी, "कमलेश की माँ को लगाओ" असंही म्हणून पाहिलं. नाही. बाई दर वेळी तितक्याच गोडीने माफी मागत होती आणि भाऊंना घाम फुटत होता. दंडारीत त्यांनी राण्यांना नावाने हाका मारल्या होत्या, शेकडो लोकांसमोर. इथे बैठकीत चिटपाखरू नव्हतं. तरी त्यांनी उठून दार लोटून घेतलं.

"शकुन को लगाओ," ते म्हणाले. इतकं हळू की बाईला दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

टिंग वाजलं. आणि स्वयंपाकघर बैठकीत आलं. बांगड्या वाजत होत्या, पुरणाचा चमचा कढईवर फिरत होता. आणि शकुनबाई गुणगुणत होती. कुठलं तरी भुलाबाईचं गाणं, पोरी म्हणतात तसलं. आनंदराव ऐकत राहिले. ती गाते हे त्यांना माहीत नव्हतं. ते स्वयंपाकघरात जातात तेव्हा ती गप्प असते, म्हणून ती गप्पच असते असं ते समजून होते. "मले वाटलं, बाबू, मी दुसऱ्याच्या घरात कान लावून बसलो," ते मला म्हणाले.

मग त्यांनी डब्बीजवळ तोंड नेलं.

"शकुन."

गाणं थांबलं. चमचा खाली पडल्याचा आवाज आला. आणि बैठकीचं दार धाडकन उघडून शकुनबाई धावत आली, पदर खांद्यावर, हात पिठाने भरलेले, तोंडभर हसू. आनंदरावांच्या समोरून ती तशीच पुढच्या दाराकडे गेली.

"आला वं माय, घनश्याम आला!"

दार उघडून तिने रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं. फाटक लावलेलंच होतं. ती वळली.

"मले नावानं कोनी बोलावलं ना आत्ता? तुमी आयकलं का?"

कोणी नाही, म्हणावं असं आनंदरावांना फार वाटलं. पण तिचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं.

"मीच बोलावलं," ते म्हणाले.

शकुनबाईने त्यांच्याकडे पाहिलं. मग तिचा चेहरा पांढरा पडला. पदर डोक्यावर ओढत ती धावत त्यांच्यापाशी आली आणि पिठाचा हात त्यांच्या कपाळावर ठेवला.

"काहून? बरं नाही वाटून रायलं का? छातीत दुखते? कमलेशले फोन लावू?"

आनंदराव म्हणतात, त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याने नावाने हाक मारली, तर त्या बाईला एकच कारण सुचलं: हा आता मरतो की काय. कालच्या फजितीची माफी मागायला ते बसले होते. पण माफी एका दिवसाची मागायची नव्हती, आणि एवढी मोठी कशी मागतात ते त्यांना माहीत नव्हतं.

"पानी पायजे होतं," ते म्हणाले.

शकुनबाईने खाली पाहिलं. तिनेच सकाळी भरून ठेवलेला तांब्या त्यांच्या हाताशी होता, काठोकाठ. खाली बसून तिने पेला भरला आणि त्यांच्या हातात दिला. आनंदरावांना तहान नव्हती. ते तिच्याकडे न बघता सगळं पाणी प्याले, आणि ती पेला परत घ्यायला हात पुढे करून बसून राहिली.