पडायला शिकलेल्या बाई

आमच्या ड्रिलच्या बाई पोहायला शिकल्या त्या टेबलावर. शिक्षकांच्या खोलीतलं लांब टेबल मोकळं करायचं, त्यावर पालथं निजायचं, समोर पुस्तक उभं करून ठेवायचं आणि चित्राबरहुकूम हातपाय मारायचे. आम्ही मुली खिडकीतून बघत असू. एकदा चंद्रानं धीर करून विचारलं, "बाई, पाण्यात कधी उतरणार?" बाई टेबलावरूनच म्हणाल्या, "पाण्यात निराळं काय असतं? क्रिया तीच."

सायकलही त्या अशाच शिकल्या. दोन दिवस पुस्तक वाचलं, तिसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानात चढल्या आणि चक्क चालवायलाही लागल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. पण बाई थांबेनात. गोल गोल फिरतायत, घामाघूम झाल्यायत, तरी थांबेनात. शेवटी शिपाई मागून धावला आणि त्यानं सायकल धरली. खाली उतरल्यावर पदर सारखा करत बाई म्हणाल्या, "उतरायचं पुढच्या प्रकरणात आहे. तिथवर मी आले नव्हते."

उंच, किडकिडीत, पांढरं लुगडं, कपाळ मोकळं. आठव्या वर्षी लग्न आणि दहाव्या वर्षी वैधव्य, एवढंच त्यांच्याबद्दल आम्हाला ठाऊक होतं. बेळगावात भावाच्या घरी माडीवरच्या एका खोलीत राहत. मुलींना ओरडत नसत, पण जवळही घेत नसत. शाबासकी द्यायची तर पुस्तकाच्या टोकानं खांद्याला टिचकी मारत. "छापलेलं आहे म्हणजे कुणीतरी करून पाहिलेलं आहे," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. माणसांच्या तोंडच्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता, छापल्यावर मात्र पूर्ण होता.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. मी निपाणीची, पण निपाणीत मुलींना पुढं शिकायची सोय नव्हती, म्हणून बेळगावला लागून असलेल्या शहापुरात आत्याकडे राहत होते. आत्याच्या घरी दिवसभर मागाची खटखट चाले. तिथून आम्ही पाच-सहा मुली चालत शाळेत जायचो. वाटेत कधी कँपातले गोरे शिपाई भेटत, काहीबाही बोलून हसत. एका मुलीचा एकानं हात धरला आणि ती शाळेत रडत आली. बाईंनी तिला पाणी दिलं आणि दुसऱ्याच दिवशी मुंबईला पुस्तकाची मागणी केली.

पुस्तक इंग्रजी होतं, जपानी कुस्तीचं. त्यात पट्टा बांधलेले दोन मिशाळ पुरुष एकमेकांना धरून उभे होते. बाईंनी त्याला जाड कागदाचं वेष्टन घातलं आणि वर लिहिलं 'आरोग्य'. पकडायला बाही हवी म्हणून आम्ही भावांचे जुने कोट घरून आणले. काष्टा मारलेल्या, वर ढगळ कोट घातलेल्या आम्ही समोरासमोर उभ्या राहायचो आणि बाई दूर उभ्या राहून मराठी करत वाचून दाखवायच्या, "प्रतिस्पर्ध्याचा तोल पुढे येताच आपली कंबर त्याच्या पोटाखाली न्यावी, आणि त्यास सहज उचलून टाकावे."

ते 'सहज' आम्हाला कधी जमलं नाही. पहिल्या चित्रात दोघे उभे असत, दुसऱ्यात एकजण हवेत असे. मधे काय झालं हे त्या दोघांनाच ठाऊक. चंद्रा मला ओढायची, मी तिला ओढायची आणि दोघी हसत खाली बसायचो.

एका शनिवारी बाईंचा धीर सुटला. पुस्तक चंद्राच्या हातात देऊन म्हणाल्या, "तू वाच." पदर खोचून त्या माझ्यासमोर आल्या. बाईंनी मला धरायची ती पहिलीच वेळ. बोटं गार होती. चंद्रानं वाचलं, बाई वळल्या, आणि खरोखरच मी सहज उचलली गेले. क्षणभर मला आनंदच झाला. बाईंनाही झाला असावा, कारण त्या "जमलं!" असं ओरडल्या आणि त्यांनी मला सोडून दिलं. चित्र तिथंच संपत होतं. मी डावा हात पुढं टेकून जमिनीवर आले आणि गळ्याखालचं हाड मोडल्याचा आवाज मला माझ्याच कानांनी ऐकू आला.

बाईंनी मला टांग्यातून दवाखान्यात नेलं. हात गळ्यात बांधून झाल्यावर मुख्याध्यापिकांनी सांगितलं, "जपानी प्रकार आजपासून बंद. हिच्या वडिलांनी तक्रार केली तर मला तुम्हालाही ठेवता येणार नाही." बाई म्हणाल्या, "हिला घरी मीच पोचवते."

निपाणीपर्यंत सर्व्हिस मोटारीत मला हातापेक्षा घरचीच काळजी जास्त होती. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला शिकायला पाठवलं होतं ते साऱ्या भाऊबंदांचा विरोध पत्करून. संकेश्वरचं एक स्थळ काका खिशात घेऊनच फिरत होते. आता अण्णा तरी काय म्हणून माझी बाजू घेणार?

बाई उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "माझी तक्रार जरूर करा. पण हिची शाळा सोडवू नका."

अण्णा तंबाखूच्या वखारीतून नुकतेच आले होते. माझ्या हाताकडं बघून त्यांचा चेहरा उतरला. "बाई, आम्ही अडाणी मानसं. तुमच्या भरवशावर पोरगी धाडलो," ते म्हणाले. "तुम्हीच असं केलासा तर आमी कुणाच्या तोंडाकडं बघायचं?"

एवढ्यात शेजारची गोदाक्का आत आली. गोदाक्का सगळ्या निपाणीला माहीत होती. तरुणपणी ती सर्कशीत होती, उंच झोक्यावरून झेप घ्यायची. आता पन्नाशी उलटली होती, अंगानं भरली होती, पण चालायची ती अजून तारेवरून चालल्यासारखी. बायका तिच्याशी बोलत, पण हळदीकुंकवाला बोलवत नसत. तिला त्याची खंत नव्हती. "झोक्यावर असताना राजेरजवाडे मान वर करून बघत हुते मला," असं ती ठणकावून सांगे.

तिनं माझा हात पाहिला. "हात टेकलीस व्हय गं पडताना? टेकायचा न्हाय. कुणी पाडलं?"

"मी," बाई म्हणाल्या.

"आन् पडायला कुणी शिकवलं हिला?"

बाई म्हणाल्या, "पुस्तकात ते नाही."

"आक्का, तुम्ही ह्यात मधे पडू नका," अण्णा म्हणाले.

"पडनार," आक्का म्हणाली. "जन्मभर पडतच आले, अन् हाडं सगळी जाग्यावर हाईत. ह्या बाईला शिकवते मी. शिकली तर पोरगी परत धाड. न्हाय शिकली तर तुला वाटंल ते कर."

अण्णांनी बराच वेळ मिशीवरून हात फिरवला. "बगू," ते म्हणाले. आमच्या घरात 'बगू' म्हणजे निम्मा होकार असे. त्यांनी तक्रार केली नाही, पण मला परत पाठवलंही नाही.

दर रविवारी बाई बेळगावहून मोटारीनं येऊ लागल्या. आक्काच्या घरामागच्या परड्यात भाताच्या पिंजराचा, वाळलेल्या काडाचा, थर अंथरलेला असे. पहिल्या दिवशी बाईंनी पुस्तक आणलं होतं. आक्कानं ते उलटंसुलटं करून नीट पाहिलं आणि हवेतल्या माणसावर बोट ठेवलं. "ह्यो बाप्या लई शाना. बगा, हनवटी छातीला लावलीया. वरचा नुसता उभा हाय, त्येचं काय कौतुक?" बाईंनी चष्मा पुसून चित्र पुन्हा पाहिलं. ते पान त्यांनी शंभरदा तरी वाचलं असेल, पण त्या माणसाकडं त्यांचं लक्षच गेलं नव्हतं.

मात्र पडणं बाईंना जमेना. आक्का म्हणे, "सैल सोडा." बाई लाकडासारख्या ताठ. पडायच्या आधीच हात पुढं. "अवो, जमीन काय सासू हाय व्हय, एवढं भ्यायला?" म्हणत आक्कानं एक हात त्यांच्या मानेखाली आणि एक कमरेखाली घातला. तशा बाई चटका बसल्यासारख्या मागं सरल्या.

"मला धरू नका," त्या म्हणाल्या. मग पिंजरावरच बसल्या. मी पायरीवर होते, हे त्या बहुधा विसरल्या. "राग नका मानू. मला सवय नाही. दहाव्या वर्षापासून मला कुणी हाताला धरून काही शिकवलं नाही. शुभकार्यात पुढं यायचं नाही, वहिनीच्या स्वयंपाकात हात घालायचा नाही, मास्तर भावाला शिकवायचे तर मी दाराआड. भाऊ निजला की त्याची पुस्तकं मी घ्यायची. पुस्तक कुणालाही नाही म्हणत नाही, आक्का."

आक्का त्यांच्याजवळ पिंजरावर बसली. मग तिनं विचारलं, "आता धरू?"

बाईंनी होकारार्थी मान हलवली.

आक्कानं त्यांना मानेला आणि कमरेला धरलं, तान्ह्या मुलाला न्हाऊ घालताना धरतात तसं, आणि हळूहळू मागं नेलं. "माझा हात हाय. जाऊ द्या. हनवटी छातीला. हां. आता सोडते." बाई गोल झाल्या, पाठीवरून लोळल्या आणि पलीकडं उठून बसल्या. केसांत पिंजर, चष्मा कुठंतरी उडालेला. काय झालं ते त्यांना आधी कळलंच नाही. मग त्या हसायला लागल्या. हसताहसता डोळे पुसायला लागल्या, आणि पुसतापुसता म्हणाल्या, "पुन्हा."

त्या दिवशी त्या इतक्या वेळा पडल्या की शेवटची मोटार चुकता चुकता राहिली.

माझं हाड सांधेपर्यंत बाईंची तयारी झाली. एका रविवारी अण्णा परड्याच्या दगडी गडग्यापलीकडून बघत उभे राहिले. बाईंनी त्यांना पाहिलं, परड्यातल्या बैलगाडीच्या साटीवर चढल्या आणि तिथून खाली झोकून दिलं. लोळून बाई उभ्या राहिल्या, लुगडं झटकलं आणि अण्णांना नमस्कार केला. अण्णा खो खो हसले. त्यांना तसं हसताना मी क्वचितच पाहिलं होतं. "उद्याच्या मोटारीनं घेऊन जावा तिला," ते म्हणाले. मी घरात जाऊन देवापुढं बसले. काही मागायचं उरलं नव्हतं, नुसतीच बसले. संकेश्वरच्या स्थळाला काकांनी पुढं दुसरी मुलगी दाखवली.

मुख्याध्यापिकांना बाईंनी सांगितलं की यापुढं कुणी कुणाला पाडणार नाही. वर्षभर आम्ही नुसत्या पडलो. पुढं, मागं, कुशीवर, पळतापळता. स्नेहसंमेलनाला कुणी मोठे साहेब पाहुणे आले होते. त्यांच्यासमोर वीस मुली एकामागून एक धडाधड पडल्या आणि उठल्या. साहेब चक्रावून म्हणाले, "यांना कोण पाडतंय?" बाई नम्रपणे म्हणाल्या, "अजून पहिलाच धडा चालू आहे, साहेब." आक्का पहिल्या रांगेत जरीचं लुगडं नेसून बसली होती. "ह्या कोण?" असं मुख्याध्यापिकांनी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "माझ्या गुरू."

मी मॅट्रिक झाले, कोल्हापूरला शिक्षिका झाले, लग्न झालं. युद्ध संपता संपता कळलं की आक्काला अर्धांगवायू झाला, आणि बाई बेळगावची नोकरी सोडून निपाणीच्या मुलींच्या शाळेत आल्या. भावाकडची खोली सोडून त्या आक्काच्याच घरी राहायला गेल्या. गावानं नावं ठेवली. सर्कशीतली बाई आणि बामणाची विधवा एका चुलीवर जेवतात म्हणून. अण्णा मात्र वखारीतून येताना रोज त्यांच्या दारात थांबत आणि मोठ्यानं विचारत, "बाई, काय आनायचं हाय का?" मोठ्यानं, म्हणजे सगळ्या आळीला ऐकू जाईल असं.

पुढं बाळाला घेऊन मी माहेरी गेले तेव्हा दुपारी त्यांच्याकडं गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आक्का बाजेवर उशीला टेकून बसली होती, एक हात मांडीवर निर्जीव पडलेला. मला बघून तिचं तोंड फुललं, पण तिनं चांगल्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

बाजेखाली चटईवर बाई झोपल्या होत्या. कुशीवर, गुडघे जवळ घेऊन, अगदी सैल, तोंड जरासं उघडं. चुलीवर भात मंद शिजत होता. बाहेर कुणी हाक मारली, तरी त्या जाग्या झाल्या नाहीत.

"लई दमती," आक्का कुजबुजली. "निजू दे."

मी बाळाला तिच्या मांडीवर दिलं आणि शिजत आलेल्या भाताकडं बघायला गेले.