इनासची पिकअप, माऊली आणि ब्रेकचा डबा

सर्व संबंधितांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, शारजातल्या अल नहदा वस्तीचे आरमार बरखास्त झाले आहे. आरमार म्हणजे फायबरची एक होडी, ती ठेवायचा ट्रेलर आणि त्याला ओढणारी म्हातारी पिकअप. आरमारप्रमुख इनास, मूळचा वसईचा, एका हॉटेलात मेन्टेनन्सवाला, आमच्या समोरच्या फ्लॅटमधला, महिन्यापूर्वी सकाळी चहा पिता पिता गेला. त्याच्या बायकोने, फिलोमिनावहिनींनी आमचं दार ठोठावलं. माझा दंड धरून त्या नुसत्या ओढत होत्या... मी भीतभीतच त्यांच्यामागे गेलो.

भीती ही तशी माझी जन्माची सोबतीण. इनासला ते पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तो मला सगळीकडे न्यायचा. "हा माझा हॉर्न," असं लोकांना सांगायचा, "धोका दिसला की आपोआप वाजतो." चार वर्षांपूर्वी त्याने होडी घेतली तेव्हा मी पहिल्याच दिवशी वाजलो होतो. एवढं धूड या पिकअपच्या मागे? तर कळलं, की ट्रेलरला स्वतःचे विजेवर चालणारे ब्रेक असतात, आणि ते कधी, किती लागायचे हे सांगणारा एक डबा पुढे ड्रायव्हरजवळ बसवावा लागतो. आमची पिकअप इतकी जुनी, की तिच्यात तसलं काही असण्याचा प्रश्नच नव्हता. मग इंडस्ट्रियल एरियातल्या मल्याळी दुकानदारासमोर आम्ही दोघं, जावई पसंत करायला आल्यासारखे, दोन डबे मांडून बसलो. पहिला स्वस्त, पण प्रत्येक वेळी ठरलेल्या जोराने दाबणारा. दुसरा महाग, पिकअप किती जोरात थांबतेय ते ओळखून तेवढाच दाबणारा. "पहिला म्हणजे आमचा मॅनेजर, दुसरा म्हणजे फिलू," असं म्हणून इनासने दुसरा उचलला. दुकानदाराने बजावलं, "सीधा बैठाना, भाई. टेढा किया तो इसको पताही नहीं चलेगा गाडी रुक रही है."

सरळ जागा एकच होती, डॅशबोर्डच्या मधोमध. तिथे वहिनींनी स्वतःच्या हाताने चिकटवलेली मारियामाऊलीची छोटी मूर्ती उभी. "उसको हाथ नहीं लगाने का," इनास म्हणाला. दुकानदाराने हात वर केले. तेव्हा, वाचकहो, मीच म्हणालो, "तिच्या मागे बसव की! ती पुढून सांभाळेल." स्वतःच्या या वाक्यावर मी तेव्हा फार खूश होतो. इनासने घरी आणून तो डबा माऊलीच्या पाठीमागे, जमेल तसा तिरका बसवला.

पहिली फेरी डोंगरांपलीकडच्या खोरफक्कानच्या किनाऱ्याची. डोंगरातला उतार लागला, समोर पाण्याचा टँकर, इनासने ब्रेक दाबला, आणि मागची होडी आम्हाला ढकलू लागली. डब्याला काही पत्ताच नाही! जळक्या रबराचा वास सुटला, आरशात ट्रेलरचं ढुंगण डावी-उजवीकडे डोलू लागलं. हॉर्न असूनही मी वाजलो नाही. डब्याला एक छोटी दांडी असते, ती हाताने दाबली की फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. पण ती होती माऊलीच्या मागे, आणि त्याची बोटं पोचेनात. टँकरची मागची बाजू मोठी मोठी होत गेली... "माऊले, माफ कर!" म्हणत इनासने मुठीने मूर्ती उडवली. ती माझ्या मांडीत आली, दांडी दाबली गेली, मागून एक हिसका बसला आणि सगळी वरात सरळ झाली.

कडेला गाडी थांबवली तेव्हा माऊली माझ्या दोन्ही हातांत घट्ट होती, तिचा एक हात मनगटातून तुटलेला. "मकरंदा, फिलूला हे कळलं तर होडी खलास," इनास म्हणाला. मी शपथ घेतली. त्याने घरी सांगितलं, डॅशबोर्ड पुसताना पडली. हात चिकटवून माऊलीला माझ्या बाजूला बसवलं, आणि डबा मधोमध, सरळ. पण त्यानंतर इनासने नाताळच्या वाईनलाही कधी हात लावला नाही. त्याने त्या उतारावर मनात नवस केला असणार, असं मी धरून चाललो होतो.

गेल्या आठवड्यात पिकअप विकायला काढली. कागदपत्रं शोधायला वहिनी मला पार्किंगमध्ये घेऊन गेल्या. मी किल्ली फिरवली, डब्यावरचा निळा दिवा लागला. शेजारच्या सीटवर बसून वहिनी माऊलीच्या चिकटवलेल्या मनगटावरून बोट फिरवत होत्या. "खरं सांगा मकरंदभाऊ, कशी पडली ही?" शपथ ज्याच्यापाशी घेतली तो गेलेला, आणि जिच्यापासून लपवायचं ती समोर. त्या उतारावर जेवढा घाबरलो होतो तेवढाच घाबरत, निळ्या दिव्याकडे बघत, मी सगळं सांगून टाकलं. मागे बसवण्याची अक्कल माझी होती, हेसुद्धा. मग आता थप्पड बसणार म्हणून गाल तयार ठेवला.

थप्पड आलीच नाही. वहिनींच्या तोंडून एकदम निघालं, "अरे देवा! मला वाटलं पिऊन फोडली... चार नाताळ त्याची वाईन बंद ठेवली मी!"