फिरवलेला ओंडका
परवा आचोळ्याला शेजाऱ्यांकडे सुतार मशीनवर फळ्या कापत होता. सागाच्या भुशाचा वास आला आणि नायगावची लाकडाची वखार आठवली. बाबा तिथे साखळीच्या कप्पीवर होते. आकडा लावून ओंडके उचलायचे, फिरवायचे. एका दुपारी आकडा निसटला आणि ओंडका त्यांच्या अंगावर आला. दुसऱ्या दिवशी आईच्यानं उठवत नव्हतं, म्हणून त्यांच्या चपला आणि डबा आणायला मीच गेले. रडू येत नव्हतं. डबा कालचा आहे, वास मारत असेल, एवढंच डोक्यात होतं. फाटकात मला बघून मुकादम ओरडले, “फिरवा रे तो, आधी फिरवा!” मग हळूच म्हणाले, “तू तिकडंच थांब, पोरी.” चौघांनी साखळी ओढली. कप्पी करकरली, ओंडका सावकाश दुसऱ्या कुशीवर वळला. माणूस गेला तरी यांचं काम चालूच, असं मनात आलं. राग मात्र आला नाही. डबा कुणीतरी घासून ठेवला होता. तो घेऊन मी निघाले. परवा सुताराच्या मशीनचा आवाज ऐकताना इतक्या वर्षांनी ध्यानात आलं, की त्या दिवशी वखारीत असा आवाजच नव्हता. आरा बंद होता. कापायचं काहीच नव्हतं. बाबांच्या अंगावर आलेल्या त्या ओंडक्याची ती बाजू मला दिसू नये, एवढ्यासाठीच त्यांनी तो फिरवला होता.