रेघांना कुलूप मागणारी प्रज्ञा

प्रज्ञा गेल्याचं मला तिच्या धाकट्या भावाने, मिलिंदने, फोनवर सांगितलं. हडपसरला ऑफिसमधून बाहेर पडून मी रिक्षा शोधत होते. “ताई, आपली प्रज्ञाताई गेली. सकाळी चहा घेतला, बरं वाटत नाही म्हणाली, आणि…” पाठोपाठ जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. तिच्यावर राजीनामा द्यायची वेळ आली, तेव्हा याच ग्रुपवर चिटपाखरूही फिरकलं नव्हतं. आता सगळ्यांची बोटं अगदी सुरेख चालत होती.

खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये ती वाढली. वडील तिथेच कामाला. आमची ओळख कंपनीतली. ती सॉफ्टवेअर करायची आणि ते कसं वापरायचं याची पुस्तिका मी लिहायचे. पहिल्याच दिवशी कँटीनमध्ये मी तिला विचारलं, “तुमचं हे नेमकं काय आहे हो? मला सोपं करून सांगा.” तिने टेबलावर सांडलेल्या पाण्यात बोट बुडवून दोन गोल काढले. “ही तू, ही धायरी. मधली रेघ म्हणजे ‘राहते’. आम्ही माहिती तक्त्यात भरत नाही, अशी गोलांत आणि रेघांत ठेवतो. त्याला ग्राफ डेटाबेस म्हणतात. कोणते गोल हवेत, कोणत्या रेघा हव्यात, त्यातलं कोणाला काय दिसावं, हे आधी पडद्यावर चित्र काढून ठरवायचं. ते चित्र काढायचं साधन मी बनवते.” मग तिने माझा गोल पुसला. “आता तुझं नाव झाकलं. पण रेघ राहिली की नाही? धायरीत जाऊन उभं राहिलं की तू सापडणार.” मी म्हटलं, “धायरीत मी रिक्षावाल्यालासुद्धा सापडत नाही.” ती खळखळून हसली, आणि त्या दिवसापासून माझंही अहोजाहो संपलं.

ही रेघ तिच्या डोक्यात कायमची बसली होती. आमच्या साधनात गोलांना कुलूप लावायची सोय होती, रेघांना नव्हती. ती रेघांनाही हवी म्हणून प्रज्ञा प्रत्येक मीटिंगमध्ये भांडायची. त्याच सुमारास घरातल्या मारहाणीला कंटाळून बाहेर पडलेल्या बायकांना आसरा देणाऱ्या एका संस्थेचं काम आलं. प्रज्ञाने ती सोय करून दाखवली. पण कुलपं लावली की पडद्यावरचं चित्र गिचमीड दिसायचं, आणि आमच्या साहेबांना संस्थेपुढे सगळं चकाचक दाखवायचं होतं.

“नावं झाकलीत ना? मग पुरे,” साहेब म्हणाले.

“सर, आईचं नाव झाकलंय, पण तिच्यापासून मुलीपर्यंतची रेघ उघडी आहे. मुलीपासून शाळेपर्यंतचीही. ज्याला शोधायचंय, तो नाव कशाला बघेल?”

“मॅडम, आपण सॉफ्टवेअर विकतो, संशयकल्लोळ नाही. पुढच्या व्हर्जनमध्ये बघू.”

सगळे हसले. सोय काढली गेली.

पुढचं व्हर्जन यायच्या आधीच एक माणूस आपल्या मुलीच्या नव्या शाळेच्या फाटकाबाहेर येऊन उभा राहिला. त्याचा एक नातेवाईक त्या संस्थेची माहिती भरण्याचं काम करायचा. त्याने रेघ धरून शाळा शोधून काढली होती. शाळा सुटल्यावर बापाने मुलीला ओढत नेलं… रखवालदार आडवा आला म्हणून ती वाचली. आईने सोडवायला धाव घेतली, तर तिचा हात मोडला. कंपनीने चौकशी केली. चौकशीत निघालं काय, तर आराखडा प्रज्ञाच्या नावावर होता, म्हणून चूक तिची! जे हसले होते, त्यांच्यापैकी कोणालाच ती मीटिंग आठवेना. मला आठवत होती. मी ते लेखी दिलं. तो कागद कुठे गेला, ते साहेबांना ठाऊक.

राजीनाम्यानंतर प्रज्ञा त्या बाईला भेटायला गेली. वकिलांनी सांगितलं होतं, कंपनीतल्या कोणीही जायचं नाही. ती म्हणाली, “आता मी कंपनीतली नाहीच.” बाईने प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “तुम्ही एकट्याच आलात?” हे मला सांगताना प्रज्ञाचा आवाज जो बसला, तो नंतर मी कधी पूर्वीसारखा ऐकला नाही. तिला धड नोकरी मिळाली नाही. मुलाखतीत सगळे गोड बोलायचे, नंतर फोन उचलायचे नाहीत. या दुःखाने ती गेली, असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी हृदयाचं कारण दिलंय, आणि तिला अशी वाक्यं आवडायची नाहीत.

आता त्या साधनात रेघांना कुलूप आहे. जाहिरातीत तेच सगळ्यात वर झळकतं. कंपनीने शोकसभा घेतली, तिथे साहेब गहिवरून म्हणाले, “प्रज्ञा आमच्या कुटुंबातली होती. ही कल्पना आम्हाला सगळ्यांना मिळून सुचली.” मी उठून म्हटलं, “आपण तेव्हा हसला होतात, सर.” कोणीतरी घाईघाईने मौन पाळायची सूचना केली. पुण्यात मौन फार उपयोगी पडतं.

तिथून मी थेट खडकीला गेले. आता वडील नाहीत. मिलिंद आणि काकू, म्हणजे प्रज्ञाची आई, दोघंच असतात. काकूंनी दार उघडलं आणि मला प्रज्ञाच्या खोलीकडे नेलं. तिच्या टेबलाशी एक मुलगी गणितं सोडवत बसली होती. शेजारी खाटेवर तिची आई होती; तिचा मोडलेला हात अजून पुरता सरळ होत नव्हता. प्रज्ञा त्या मुलीची रोज शिकवणी घ्यायची, हे मला तिने कधी सांगितलं नव्हतं. त्या दोघी आता या शहरात नाहीत, आणि त्या आईने हो म्हटलं, म्हणूनच हे लिहिते आहे.

काहीतरी बोलायचं म्हणून मी मुलीला विचारलं, “नाव काय गं तुझं?”

मुलीने काकूंकडे पाहिलं.

“तिला नाव विचारायचं नाही,” काकू म्हणाल्या. “प्रज्ञाने सांगून ठेवलंय.”

मुलीने मान खाली घातली आणि पुढचं गणित सोडवायला घेतलं.