रांगेतला बिनमालकाचा हंडा

सन १९९३, मे महिन्याची दोन तारीख, रविवार. रक्कम रुपये सहाशे. हजर मी, माझी पत्नी आणि आमची मुलगी अनघा. ऑगस्टमध्ये तिला शिकायला अमेरिकेला जायचं होतं. तिथे एकटीने राहण्याची तालीम म्हणून ती महिनाभर मीरा रोडला, पूनम सागरजवळच्या माझ्या मेव्हण्याच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये राहणार होती. हा त्या महिन्याचा खर्च. कल्पना तिचीच. स्वयंपाक, धुणं, बाजार, दुखणंखुपणं, सगळं एकटीने निभवायचं. भाईंदरला आमच्याकडे यायचं नाही, शेजारी वाटीभर साखरसुद्धा मागायची नाही.

"अगं, शेजारी ओळख तरी करून ठेव," पत्नी म्हणाली.

"आई, अमेरिकेत काय आपल्या शेजारच्या काकू असणार आहेत? मग तालीम कसली?"

"साधा कुकर लावता येत नाही तुला. तिथे शिट्ट्या मोजायला मी येऊ?"

"मोजायला बाबा आहेत ना!"

आम्ही तिघंही हसलो. मला बेत पटला होता. मी हिशेबाच्या खात्यात नोकरी केलेला माणूस. आधी चाचणी, मग खर्च, हे मला बरं वाटतं. देवाशीही माझा व्यवहार तसाच होता. दत्तगुरूंची उपासना वडिलांकडून आलेली. रोज ठरलेल्या माळा ओढायच्या, गुरुवारी उपास करायचा, आणि एवढं भरल्यावर घरावर काही येणार नाही असं मनात धरून चालायचं. आणि नेमका तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी, मी उपाशी असताना, ऑफिसात फोन आला. "आपकी बेटी बेहोश है, हॉस्पिटल लेके गये हैं, जल्दी आओ."

काय घडलं ते मला पुढे तुकड्यातुकड्यांनी कळलं. अनघाला दोन दिवस ताप होता. तालीम आहे म्हणून तिने कुणाला सांगितलं नाही, गोळ्या घेत राहिली. त्या इमारतीत तेव्हा नळाला पाणी नव्हतं, खासगी टँकर यायचा. लोक सकाळी आपापला हंडा रांगेत लावून घरी जात आणि टँकर आला की धावत खाली येत. अनघानेही हंडा लावला, वर येऊन कडी लावून पडली, आणि तिची शुद्ध गेली. तिथली रीत अशी, की नंबर आला आणि माणूस हजर नसला तर त्याचा हंडा पायाने बाजूला सारायचा. पण त्या दिवशी तिच्या हंड्यामागे एक नवखी बाई उभी होती. नाव शांताबाई, मूळच्या परभणीकडच्या, राहायला भाईंदरच्या गोडदेव वस्तीत. बहीण बाळंत झाली म्हणून त्या तिच्याकडे आल्या होत्या आणि तिचं पाणी भरायला खाली उतरल्या होत्या.

"हटाव ना वो हंडा, मालिक नहीं है," मागून ओरडा झाला.

"का हटवू? आमच्या गोडदेवच्या गल्लीत नसलेल्याचा आधी भरतात, मग आपला."

"हे गोडदेव नाही, बाई!"

"पाणी तर पाणीच हाय ना?"

त्यांनी अनघाचा हंडा भरला आणि तो कुणाचा ते विचारत सुटल्या. कुणालाच सांगता येईना, कारण माझ्या मुलीने तोवर कुणाला आपलं नावही सांगितलं नव्हतं. शेवटी कुणीतरी म्हणालं, वर एक नवीन पोरगी राहायला आली आहे. भरलेला हंडा घेऊन त्या वर गेल्या. दार वाजवलं, उत्तर नाही. चपला मात्र दाराबाहेर होत्या. माणूस आत आहे हे ओळखून त्यांनी आरडाओरडा केला. शेजाऱ्यांनी दार फोडलं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर माझ्या ऑफिसचा नंबर लावलेला होता, त्यावर एकाने फोन केला.

मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा शांताबाई बाकावर बसल्या होत्या. साडी अजून ओली होती. "बाप ना तुम्ही? बसा आधी," म्हणाल्या, आणि माझं लक्ष आत असतानाच निघून गेल्या. डॉक्टरांनी मेंदूचा मलेरिया सांगितला, आणि पुढचं काही सांगता येत नाही असंही सांगितलं. पत्नी भिंतीला टेकून उभी होती. "तालीम म्हणे," एवढंच ती बोलली.

मी जप सुरू केला, पण तो जप नव्हता, घासाघीस होती. इतक्या माळा, इतके गुरुवार. दर वेळी आकडा वाढवत होतो. दुपारी अनघाला झटके आले. नर्सेसनी तिला धरून ठेवलं. मी कितव्या मण्यावर होतो ते मला कळेना, आणि जन्मात पहिल्यांदा ते शोधावंसंही वाटलं नाही. म्हणालो, महाराज, माझ्याच्याने होत नाही. ही तुमची. त्याच क्षणी ताप उतरला असं मी सांगणार नाही. तो आणखी दोन दिवस होता. पण मला उठून पत्नीजवळ जाऊन बसता आलं, तिचा हात धरता आला.

अनघा शुद्धीवर आली. उजव्या कानाचं ऐकू येणं गेलं, ते परत आलं नाही. कृपा झाली असं मी म्हणतो, तेव्हा तो कान हिशेबात धरूनच म्हणतो.

विद्यापीठाने तिला जानेवारीत यायची परवानगी दिली. कुकर, धुणं, शिवणटिपण ती घरातच शिकली, आईला हाका मारत. शांताबाईंची बहीण गावी गेली होती, त्यामुळे त्यांचा पत्ता मिळायला डिसेंबर उजाडला. मी आणि अनघा साडी आणि पाकीट घेऊन गोडदेवला गेलो. भिंतीवर बुद्धांची तसबीर होती. मी म्हणालो, "तुमच्या रूपाने दत्तगुरूच आले."

"तुमचे देव मला लावू नका, दादा. भरलेलं पाणी द्यायला गेले, बस." मग अनघाला म्हणाल्या, "तिथं तरी शेजारणीला नाव सांगशील का गं?"

"पहिल्याच दिवशी, मावशी. सांगेन, एका कानाने ऐकू येत नाही, दार जोरात वाजवा."

त्या हसल्या. त्यांना त्या रांगेत कुणी उभं केलं याबद्दल माझ्या मनात जे आहे, ते मी त्यांच्यावर लादलं नाही. साडी आणि पाकीट त्यांनी माझ्याकडे सरकवलं. मी पुन्हा पुढे केलं तेव्हा जरा चिडूनच म्हणाल्या, "पोरीच्या हंड्याचे दोन रुपये टँकरवाल्याला मी दिले होते. ते द्या आणि मोकळे व्हा."

बाकीचं माझ्याच्याने फिटणारं नाही, आणि ते फेडायची धडपड मी आता करत नाही. रोज हात जोडतो आणि माळ न मोजता ओढतो. शेवटी दिले ते एवढेच. रुपये दोन, रोख, शांताबाईंना.