काढलं का?

नवरा खापरखेड्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे फिटर होता. एखादा संच दुरुस्तीला बंद झाला की दोन-तीन महिने रात्रंदिवस काम, मग नुसतं घरी बसणं. केलेल्या कामाचे पैसेही ठेकेदाराचं बिल निघेल तेव्हाच मिळत. त्यामुळे आमच्याकडे 'जेवलात का'च्या आधी 'काढलं का?' असं विचारलं जाई. म्हणजे बिल काढलं का. याहून लांब प्रश्नाची गरज कधी पडली नाही.

पैसे आले की मी ते तीन डब्यांत टाकायची: किराया, किराणा, किस्त. मोबाइलवरचे पैसे मला पैसे वाटतच नाहीत, दिसत नाहीत आणि संपतात. किस्त होती पोतीवरच्या कर्जाची. नवऱ्याच्या पाठीचं ऑपरेशन झालं तेव्हा माझी लग्नातली सोन्याची पोत, म्हणजे मंगळसूत्र, धरमपेठेतल्या एका सोनेतारणवाल्याकडे ठेवली होती. तेव्हापासून गळ्यात दोऱ्यात ओवलेले काळे मणी. शेजारणींना वाटे, मला साधेपणाची हौस आहे. मीही वाटू दिलं.

हप्ते मागेपुढे होत गेले आणि उन्हाळ्यात लिलावाची नोटीस आली. पंधरा दिवसांत सगळी बाकी भरा, नाहीतर पोत जाईल. नोटीस वाचून मी कुकर लावला. घाबरायला हवं होतं, पण घाबरण्याचासुद्धा कंटाळा येतो माणसाला. तिन्ही डबे उपडे केले तर बाकी जेमतेम भागत होती. पण मग घरमालकाला काय देणार आणि खाणार काय? बिल निघालं तरच ते जमणार होतं.

मुदत संपायला चार दिवस असताना दुपारी त्याचा फोन आला. मागे यंत्रांचा धडधडाट.

"काढलं का?" मी विचारलं.

"काढलं," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

मी डबे रिकामे केले आणि धरमपेठेची बस धरली. तिथल्या माणसाने पाकीट फोडलं, पोत तोलून दाखवली, चार सह्या घेतल्या. मी ती तिथेच गळ्यात घातली. आनंद व्हायला हवा होता. बसमध्ये गळ्याशी सोनं गार लागलं, तेवढ्यापुरतं बरं वाटलं, एवढंच.

संध्याकाळी तो आला तो पान्यांची पिशवी घेऊन. ती पिशवी काम संपेपर्यंत तिकडेच असते. त्याने माझ्या गळ्याकडे पाहिलं.

"सोडवली?"

"हो. तुम्हीच तं म्हटलं, काढलं."

"बिल नाही वं. मले काढलं. मले वाटलं, तुले बाजूवालीनं सांगितलं असंन, म्हणून तू इचारून राहिली."

ठेकेदाराने सकाळीच आठ जणांना कमी केल्याचं सांगितलं होतं, त्यात बाजूवालीचा नवराही होता. बिलाचा पत्ता नव्हता. मला रागच आला. एक शब्द जास्त बोलला असता तर काय जीभ झिजली असती? मग आठवलं, माझाही प्रश्न दोनच शब्दांचा होता. आम्ही जेवलो. तो म्हणाला, वरणात मीठ कमी आहे. मी मीठ दिलं.

सकाळी मी म्हटलं, "आजच परत गहाण ठेवते. परवा घरमालक येईन." पोतीचा पेच घट्ट बसला होता, माझ्या हाताने उघडेना.

"इकडं ये," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले. त्याच्या बोटांना ग्रीसचा वास होता. लग्नात सगळ्यांसमोर त्यानेच ती माझ्या गळ्यात बांधली होती. जिवंत नवऱ्याने स्वतःच्या हाताने बायकोची पोत उतरवलेली मी कुठे पाहिली नव्हती. पेच उघडला तरी तो मागेच उभा होता.

"आता किस्त कशी भरू वं?"

कमाई नाही म्हणजे किस्त नाही, आणि या वेळी पोत परत येणार नव्हती. हे दोघांनाही कळत होतं. मला रडू आलं नाही, आणि त्याचंच वाईट वाटलं.

"द्या इकडे," मी म्हटलं, "आणि बसच्या तिकिटाले सुटे हायेत का पाहा."